गोवा विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र: कायदा बदलायचाच असेल, तर मुक्या जिवांच्या बाजूने बदला

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी, गोवा.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

धीरयोंना, म्हणजे बैलांच्या झुंजींना, कायदेशीर मान्यता द्यावी, ही मागणी आपल्या सभागृहात आजवर अनेकदा झाली आहे आणि ती सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाकांवरून झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने १९९६ साली धीरयो बंद करण्याचा आदेश दिला. तरीही पहाटेच्या वेळी कापणी झालेल्या शेतांत त्या चोरून होतच राहिल्या, हे गोव्यात कोणाला नवीन नाही. या मागणीला अलीकडे एक नवा आधार मिळाला आहे. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांनी २०१७ मध्ये केंद्राच्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या करून जल्लीकट्टू, कंबळा आणि बैलगाडा शर्यती यांना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्या राज्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये, असा प्रश्न आता विचारला जातो.

मी हे पत्र त्याच कायद्याविषयी आणि त्याच मार्गाविषयी लिहीत आहे, मात्र माझी विनंती उलट्या दिशेची आहे. राज्याला या कायद्यात दुरुस्ती करता येते, कारण प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीत, सतराव्या क्रमांकावर आहे. विधानसभेने विधेयक संमत करावे, राष्ट्रपतींची संमती घ्यावी, की ती दुरुस्ती राज्यापुरती लागू होते. दोन बैलांना एकमेकांच्या अंगावर सोडण्यासाठी हा सगळा खटाटोप करण्याची तयारी असेल, तर तेवढ्याच श्रमांत या कायद्याला दात देता येतील, आणि गोव्याने तेच करावे अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.

मी फोंड्यात एक लहानशी शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणावळ चालवते. जेवायला येणाऱ्यांत कुंडईच्या कारखान्यांतले कामगार आहेत, कॉलेजची मुले आहेत आणि सोमवार-गुरुवार पाळणारी मंडळी आहेत. मी स्वतः मांस-मासळी सोडली त्याला बराच काळ लोटला. नंतर दूध, तूप आणि दहीही सोडले. हा माझा स्वतःचा निर्णय आहे आणि तो कायद्याने दुसऱ्या कोणावर लादावा असे मला मुळीच वाटत नाही. मात्र जे मांस खातात त्यांनाही आणि जे खात नाहीत त्यांनाही मान्य होईल अशी एक गोष्ट आपल्या कायद्यात साठ वर्षांहून अधिक काळ लिहिलेली आहे आणि ती कोणी वाचत नाही, याचे मला अतोनात दुःख आहे.

त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही जिवंत जीव, अशी व्याख्या आहे. त्यात गाय-बैल आले, कुत्रा-मांजर आले आणि कोंबडीही आली. अकराव्या कलमात ज्या गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत त्यांत प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने किंवा अशा स्थितीत वाहून नेणे हा स्पष्ट गुन्हा आहे. प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे हाही गुन्हा आहे आणि प्राण्यांना झुंजीसाठी चिथावणे हाही. याच कलमात पुढे अन्नासाठी प्राणी मारण्याला सूट दिली आहे, परंतु ती सूट मारताना अनावश्यक वेदना दिल्या जात नसतील तेवढ्यापुरतीच आहे. म्हणजे कायदा कोणाच्या ताटात हात घालत नाही, तो फक्त ताटापर्यंतच्या वाटेवर मर्यादा घालतो. आता या मर्यादेचे मोल किती, तेही पाहा. पहिल्या गुन्ह्याला किमान दहा रुपये आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आज फोंड्याच्या बाजारात पन्नास रुपयांत धड एक जेवण मिळत नाही. ज्या अपराधाचा दंड एवढा, तो अपराध नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यातला हवालदार वही उघडत नाही, यात नवल काय?

आता ज्या जिवासाठी मी लिहीत आहे त्याच्याकडे येते. गाईसाठी गोव्यात बोलणारे पुष्कळ आहेत. बेवारशी कुत्र्यांसाठी झटणाऱ्या संस्था आहेत. ऑलिव्ह रिडले कासवांसाठी वन खाते किनाऱ्यावर पहारा ठेवते. कोंबडीसाठी कोणी नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंशाची संख्या एकोणीस कोटींच्या वर होती आणि कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मिळून पंच्याऐंशी कोटी होते. ही झाली एका वेळची मोजदाद. मांसासाठी वाढवलेली कोंबडी तर दीड महिन्याच्या आत संपते आणि तिच्या जागी दुसरी येते, म्हणजे वर्षभरात किती जीव या चक्रातून जात असतील त्याचा विचार आपणच करावा. क्रूरता कमी करायची असेल, तर जिथे जीव सर्वांत जास्त आहेत आणि पाहणारे डोळे सर्वांत कमी आहेत तिथून सुरुवात करणे मला न्याय्य वाटते.

गोव्यात खपणाऱ्या कोंबड्या मोठ्या प्रमाणावर शेजारच्या कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून येतात. रात्री घाट उतरून आलेले ट्रक पहाटे बाजारात उभे राहतात, तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी एकदा तिथे जाऊन पाहावे. प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचलेले असतात आणि त्यांची उंची एवढी कमी असते की पक्ष्याला मान ताठ करता येत नाही. वरच्या क्रेटमधली विष्ठा खालच्यांच्या पाठीवर पडत येते आणि पांढरी पिसे करडी होऊन अंगाला चिकटतात. बऱ्याच जणींच्या छातीवरची पिसे गळून लाल कातडी उघडी पडलेली असते, कारण शेडमध्ये त्या आयुष्यभर आपल्याच घाणीत छातीवर बसून राहिलेल्या असतात. क्रेट उतरवताना वाटेत मेलेले पक्षी बाजूला फेकले जातात आणि जिवंत असलेल्यांचे पाय सुतळीने बांधून, पाच-सहा जणींचा एक असे झुबके करून ते स्कूटरच्या हँडलला दोन्ही बाजूंनी उलटे टांगले जातात. कोंबडीला पोट आणि छाती वेगळी करणारा पडदा आपल्यासारखा नसतो. उलटे धरले की पोटातल्या अवयवांचा भार फुफ्फुसांकडच्या हवेच्या पिशव्यांवर पडतो आणि तिला श्वास घेणे जड जाते. म्हणूनच त्या चोच उघडी ठेवून मान वर वळवण्याची धडपड करत असतात. खड्ड्यातून स्कूटर गेली की झुबका चाकाच्या बाजूला हेलकावतो. बाजूने शाळेची मुले जात असतात आणि त्यांना त्यात काही वावगे दिसत नाही, कारण आपण मोठ्यांनी कधी तिकडे बोट दाखवलेले नाही.

हा प्रकार रोज, सर्वांसमक्ष, भर रस्त्यात होतो आणि अकराव्या कलमाप्रमाणे तो गुन्हा आहे. तो थांबवल्याने कोणाचे जेवण बंद होणार नाही, कोणाचा धर्म बुडणार नाही आणि कोणाचा व्यवसायही मोडणार नाही.

म्हादईच्या किंवा मोलेच्या रानात पहाटे राखी रानकोंबडा आरवतो तो आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज उत्तरेकडचा तांबडा रानकोंबडा आहे, पण तिच्या पिवळ्या कातडीचा गुण आपल्या या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे जनुकांच्या अभ्यासातून दिसले आहे. रानातली कोंबडी पालापाचोळा उकरते, धुळीत अंग घोळवते, रात्री फांदीवर चढून बसते आणि पिलांना पंखाखाली घेते. यांतली प्रत्येक ऊर्मी शेडमधल्या कोंबडीत शाबूत असते. बदलले आहे ते फक्त तिचे शरीर. ब्रॉयलरची जात अशी घडवली आहे की सहा आठवड्यांच्या आत ती दोन किलोंच्या घरात जाते. छाती एवढी भरते की कोवळ्या पायांना ती पेलत नाही. अनेक पिले लंगडी होतात, काहींचे हृदय बंद पडते. वयाने ती पिलेच असतात, कारण सामान्य कोंबडी अनेक वर्षे जगते. अंड्यांच्या धंद्यात तर त्या जातीचे नर पिलू काहीच कामाचे नसते, त्यामुळे अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच त्याची विल्हेवाट लावली जाते. जर्मनीने २०२२ पासून ही प्रथा कायद्याने बंद केली आहे. अंडी देणाऱ्या माद्या तारेच्या पिंजऱ्यात ठेवतात. एका कोंबडीच्या वाट्याला तिथे साधारण साडेचारशे ते साडेपाचशे चौरस सेंटिमीटर जागा येते. आपल्यासमोर विधानसभेच्या कामकाजाचा जो ए-फोर आकाराचा कागद असतो, त्याचे क्षेत्रफळ सुमारे सहाशे चोवीस चौरस सेंटिमीटर भरते. त्याहून लहान जागेत एक जीव दीड-दोन वर्षे उभा राहतो आणि त्याला पंख पसरता येत नाहीत. युरोपीय संघाने असे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानेही जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात याच विषयाचा ऊहापोह करून कोंबड्यांच्या निवाऱ्यासाठी आणि वाहतुकीसाठी नियम करण्याची शिफारस केली होती. हा अहवाल विधानसभेच्या ग्रंथालयात मागवून घ्यावा, अशी विनंती आहे.

धीरयोंचे समर्थक म्हणतात की बैलाचा धनी त्याला पोटच्या मुलासारखा जपतो. हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. सासष्टीतल्या अशा घरांत बैलाला आंघोळ घालणारी, त्याला चांगलेचुंगले खाऊ घालणारी आणि तो आजारी पडला तर रात्र जागवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा जीव त्या बैलात गुंतलेला असतो यात शंका नाही. पण तो बैल स्वतःहून झुंजीच्या मैदानात येत नाही. रानात किंवा कळपात दोन बैल भिडले तर कमजोर असलेला पळून जाऊ शकतो, माणसांच्या कड्यात त्याला पळायला वाट नसते, आणि त्याच्या पोटात शिंग शिरते तेव्हा त्यावर लागलेल्या पैजेतला एक पैसाही त्याचा नसतो. जपणे खरे असेल तर ते झुंजीवाचूनही टिकेल. त्या घरांना बैल पोसायला आधार हवा असेल तर सरकारने तो द्यावा. गावठी गुरांची पैदास, शेतीची कामे आणि गुरांच्या सणातली सजावट-मिरवणूक यांसाठी अनुदान द्यायला माझ्यासारखीचा कधीच विरोध असणार नाही.

इथे मला एक गोष्ट अगदी स्पष्ट करायची आहे. प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्याकडे आज संशयाने पाहिले जाते आणि त्याला कारणही आहे. २०२४ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, मडगावच्या बाजारात गोरक्षक म्हणवणारे आणि मांसविक्रेते यांच्यात हाणामारी झाली आणि विक्रेत्यांनी राज्यभर दुकाने बंद ठेवली. माझे म्हणणे त्या वादाला जोडू नये. कोण काय खातो यावरून त्याची जात, त्याचा धर्म आणि त्याची पायरी ठरवण्याची खोड आपल्या समाजाला फार जुनी आहे. शिवराक जेवणाऱ्याने स्वतःला सोवळा आणि दुसऱ्याला ओवळा समजावे, हा माझ्या मते प्राण्यांवरचाही अन्यायच आहे, कारण त्यात प्राण्याच्या वेदनेचा विचार कुठेच नसतो. असतो तो स्वतःच्या पावित्र्याचा. वेदना कोणाच्या सुरीने झाली यावर ती कमी-जास्त होत नाही. आणि शिवराक माणसाच्या दुधाच्या पेल्यामागेही ती असतेच.

दुधाचे हे बोलणे अनेकांना झोंबते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि जन्मणाऱ्या वासरांतले साधारण अर्धे पाडे, म्हणजे नर, असतात. शेतीला बैल लागत होते तोवर पाड्याला किंमत होती. आता पॉवर टिलर आला आणि पाडा परवडेनासा झाला. गोवधबंदीचा कायदा आपल्याकडे १९७८ पासून आहे, त्यामुळे म्हातारी गाय विकता येत नाही आणि पोसणेही झेपत नाही. मग ती आणि तिचा पाडा दोघेही रस्त्यावर येतात. पावसाळ्याच्या रात्री कोरड्या डांबरावर ऊब शोधत महामार्गाच्या मधोमध बसलेली गुरे आणि त्यांच्यावर आदळून जीव गमावणारे दुचाकीस्वार, हे दूध आणि कायदा यांच्या मधल्या फटीतून निसटलेले जीव आहेत. गांधीजींनी गाई-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी होणाऱ्या फुक्याच्या, म्हणजे जननमार्गात हवा फुंकण्याच्या, प्रथेविषयी वाचून दूध सोडण्याचे व्रत घेतले होते आणि पुढे मोठ्या आजारात केवळ बकरीच्या दुधाची सवलत घेतली, ती बोचणी त्यांना कायम राहिली. त्याच फुक्याला १९६० च्या कायद्याचे बारावे कलम गुन्हा ठरवते. म्हणजे दुधामागच्या क्लेशांचा विचार कोणी परदेशातून आणून आपल्यावर लादलेला नाही. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला खरा, पण तहानेल्या गाढवाला गंगेची कावड पाजणारे एकनाथ महाराज आपलेच आहेत.

आणि आमचे गोव्याचे स्वयंपाकघर तर या बाबतीत फार श्रीमंत आहे. श्रावणापासून चवथीपर्यंत घराघरांत जे रांधले जाते ते पाहिले तर खतखते, मुगांगाठी, आळसांद्याचे तोंडाक, आंबाड्याचे सासव, तायकिळ्याची भाजी, नीरफणसाची कापे यांत दुधाचा थेंब नसतो. मणगणे नारळाच्या रसात आणि गुळात होते. पातोळ्या हळदीच्या पानात उकडतात. धोदोल तांदळाच्या पिठाचे, नारळाच्या रसाचे आणि माडाच्या गुळाचे. ख्रिस्ती घरांतही कोरेजमात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मांस वर्ज्य करण्याची रीत आहे. पर्यटन खात्याच्या खाद्यमहोत्सवांत मात्र गोव्याचे जेवण म्हणजे मासळी, सॉर्पोतेल आणि शाकुती एवढेच दाखवले जाते आणि बाहेरून येणारा व्हीगन पाहुणा किनाऱ्यावरच्या हॉटेलात परदेशी पदार्थ महाग दराने खाऊन परत जातो.

मांसाला पर्याय म्हणून काय द्यायचे, हा प्रश्न मला खाणावळीत रोज सोडवावा लागतो, त्यामुळे त्याविषयी अनुभवाने सांगू शकते. फाल्गुन-चैत्रात मिळणारा कोवळा फणस हाताला आणि सुरीला खोबरेल लावून चिरायचा, चीक पुसून काढायचा, मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून बोटांनी सुटा करायचा आणि भाजलेले खोबरे, धणे, खसखस, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, जायफळ यांच्या शाकुतीच्या वाटणात मंद आचेवर मुरू द्यायचा. त्याचे तंतू मसाला असे धरून ठेवतात की कोंबडी खाणारी माणसेही दुसऱ्यांदा मागतात. पण फणसात प्रथिने फार थोडी असतात, शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम. म्हणून त्याच ताटात मी आळसांदे, चणे किंवा सोयाबीनच्या वड्या देते, कारण सोयाच्या वडीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात आणि ती कामगाराच्या खिशाला परवडते. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून विश्वासाने मिळत नाही. सगळे प्राणिजन्य अन्न सोडणाऱ्याने ते गोळीतून किंवा ते मिसळलेल्या अन्नातून घेतलेच पाहिजे, आणि हे लपवून व्हीगन आहाराचा प्रचार करणे मला अयोग्य वाटते.

गोव्यात दर मे-जूनमध्ये फणस झाडाखाली पडून कुजतात. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळाचा दर्जा दिला आणि त्याच्या प्रक्रियेला प्रोत्साहन दिले. जुन्या गोव्यात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तालुक्यातालुक्यांत महिलांचे स्वयंसाहाय्य गट आहेत आणि चवथीचे फराळ बनवून ते गट आपली क्षमता दरवर्षी सिद्ध करतात. कोवळा फणस आणि नीरफणस साफ करून, अर्धवट शिजवून, गोठवून किंवा डबाबंद करून वर्षभर पुरवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले तर काणकोण-सांग्यातल्या बागायतदाराला आज जे फळ फुकट जाते त्याचे पैसे मिळतील. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आणि बोधचिन्ह दिले आहे. या गटांना ते परवाने मिळवून द्यायला सरकारी मदत हवी.

नुस्त्यांविषयी मी काय म्हणते, असा प्रश्न येणारच. माशाला वेदना होतात हे आता शास्त्राने पुरेसे दाखवले आहे आणि ब्रिटनने २०२२ मध्ये खेकडे, कोळंबी आणि माणकी (स्क्विड) यांनाही संवेदनशील जीव म्हणून कायद्यात जागा दिली. मी मासळी खात नाही. पण ज्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध लढा दिला आणि ज्यांच्यामुळे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, त्यांच्या दारात जाऊन रापण सोडा म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या आधी एलईडी दिवे लावून समुद्राचा तळ रिकामा करणाऱ्यांना थांबवले पाहिजे. ही पद्धत केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली आहे. दुसरीकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२४ च्या जानेवारीत इसवण आणि पापलेट यांसारख्या माशांचे मांस प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवण्याचा प्रकल्प जाहीर केला. सिंगापूरने पेशींपासून वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाला २०२० मध्येच विक्रीची परवानगी दिली होती. हे मांस सामान्य माणसाच्या ताटात यायला वेळ लागेल, पण ज्या राज्याचे जेवण मासळीभोवती फिरते त्याने अशा संशोधनात आतापासून वाटा मागावा, असे मला वाटते.

गोव्याला हे सगळे झेपणार नाही, असे कोणी म्हणू नये. मोरजीत एके काळी कासवांची अंडी उकरून खाल्ली आणि विकली जात. नव्वदच्या दशकात त्याच गावातली माणसे त्या घरट्यांची राखण करू लागली. मिशन रेबीज या संस्थेच्या साथीने सरकारने २०१४ पासून गावोगावी कुत्र्यांचे लसीकरण केले आणि २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्र्याची काळजी घेतली म्हणून माणसांचे प्राण वाचले.

म्हणून माझी मागणी अशी आहे. धीरयोंना मान्यता देणारे कोणतेही विधेयक आपण आणू नये. राज्याने १९६० च्या कायद्यात दुरुस्ती करून अकराव्या कलमाचा दंड निदान काही हजारांत न्यावा आणि पिंजऱ्याचे किमान क्षेत्रफळ गोव्यापुरते तरी ठरवून द्यावे. विधेयकाला वेळ लागेल, पण काही कामांना नव्या कायद्याची गरजच नाही. पत्रादेवी, पोळे, मोले आणि केरी या तपासणी नाक्यांवर परवाने पाहिलेच जातात. तिथेच कोंबड्यांच्या ट्रकांची पाहणी पशुसंवर्धन खात्याच्या माणसाकडून व्हावी. पक्ष्यांना उलटे टांगून नेण्यावर वाहतूक पोलिसांनी एक महिना सूचना देऊन नंतर कारवाई करावी आणि ज्या गरीब विक्रेत्याकडे पिंजरा नाही त्याला तो सरकारने द्यावा, कारण दंडाचा भार सर्वांत खालच्या माणसावर पडू नये. २००१ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असणे बंधनकारक केले आहे. तिला माणसे, वाहन आणि निधी देऊन ती जागी करावी. त्याच वर्षीच्या कत्तलखाना नियमांनी एका प्राण्यादेखत दुसरा मारण्यास मनाई केली आहे. नगरपालिकांनी चिकनच्या दुकानांचे परवाने नूतन करताना निदान मधला पडदा आणि धारदार सुरी यांची अट घालावी. सरकारी कॅन्टीनमध्ये, विधानसभेच्या कॅन्टीनमध्ये आणि सरकारी इस्पितळांत रोज एक पूर्ण वनस्पतीजन्य, प्रथिनांनी पुरेसे असे गोमंतकीय जेवण मिळावे आणि त्यासाठीचा फणस, आळसांदे व नारळ गोव्यातल्याच गटांकडून घ्यावा.

या कायद्याचा उगम राज्यसभेतल्या एका खासगी विधेयकात आहे. नियुक्त सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ते मांडले. पंतप्रधान नेहरूंनी सरकार स्वतः कायदा आणील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातून १९६० चा कायदा झाला. आपल्या विधानसभेतही शुक्रवारी खासगी कामकाज असते. चाळीस सदस्यांपैकी कोणीही एकाने, तो कोणत्याही पक्षाचा असो, येत्या अधिवेशनात दंड वाढवणारे खासगी विधेयक मांडायचे ठरवले, तर कायद्याची कलमे, २००१ चे नियम आणि विधी आयोगाच्या अहवालातले संबंधित भाग यांच्या प्रती घेऊन मी पर्वरीला येईन. त्याआधी एखाद्या पहाटे फोंड्याच्या बाजारात येऊन ट्रक उतरताना पाहायची आपली तयारी असेल तर मी तिथेही बरोबर येईन.

आपली नम्र,
फोंड्यातील एक खाणावळचालक